प्रश्नचिन्हानंतरची रिकामी जागा

नोव्हेंबर उजाडला की दिल्लीच्या हवेवरून एक भांडण ठरलेले असते. एक जण मोबाइलच्या पडद्याचा स्क्रीनशॉट टाकतो : हवेची गुणवत्ता ४७०. दुसरा त्याच संध्याकाळचा, त्याच परिसराचा दुसरा स्क्रीनशॉट टाकतो : ९००च्या पुढे. तिसरा दोघांनाही खोटे ठरवतो आणि चौथा या सगळ्यात राजकारण शोधतो. वस्तुतः पहिले दोघेही खरे बोलत असण्याची शक्यता मोठी असते. एप्रिल २०१५मध्ये आपल्याकडे सुरू झालेला राष्ट्रीय हवा गुणवत्ता निर्देशांक ५००वर संपतो, आणि त्यात सूक्ष्म धूलिकणांसाठी २४ तासांची सरासरी धरली जाते. काही खासगी अ‍ॅप गेल्या तासाभराचे मोजमाप घेतात आणि ५००वर न थांबणाऱ्या, दुसऱ्या देशाच्या मापपट्टीवर ते बसवतात. हवा तीच, केंद्रही कदाचित तेच. आकडे मात्र दोन.

हे भांडण एका ओळीत मिटू शकले असते. कोणते केंद्र, कोणती वेळ, कोणती सरासरी, कोणती मापपट्टी, एवढे सांगणारी एक लिंक दिली असती तर वाचणाऱ्याने ती उघडून स्वतः पाहिले असते. पण लिंक कोणी देत नाही, कारण दिली तरी उपयोग नसतो. बहुतेक ठिकाणी ती उघडली की मुखपृष्ठ समोर येते, आणि पाहणाऱ्याने जे निवडून पाहिले होते ते वाटेतच गळून पडलेले असते.

मला आज याच गळतीविषयी बोलायचे आहे. विषय वरवर पाहता वेब प्रोग्रामिंगमधला, तोही त्यातला एक बारकावा आहे : पडद्यावरच्या वेब कंपोनंटच्या प्रॉपर्टी आणि पानाच्या पत्त्यातील क्वेरी पॅरामीटर यांचा मेळ राखणे. माझे म्हणणे असे की, भारतातील सार्वजनिक वैज्ञानिक माहितीच्या बाबतीत हा बारकावा नसून संदर्भ देण्याचाच प्रश्न आहे, आणि ज्या विज्ञानात संदर्भ देता येत नाही त्यात पडताळणीही होत नाही.

पत्त्याची रचना आधी पाहू. यूआरएलमध्ये प्रश्नचिन्हाच्या आधी येते ते पानाचे ठिकाण, आणि नंतर येतात त्या पाहणाऱ्याच्या निवडी : ‘?राज्य=२१&वर्ष=२०१९&मोजमाप=पाऊस’ अशा जोड्या. ‘#’ या चिन्हानंतरचा भाग वेगळा. तो ब्राउझर स्वतःजवळ ठेवतो, सर्व्हरकडे पाठवत नाही. ही व्यवस्था आजची नाही. नोव्हेंबर १९९५मध्ये एचटीएमएल २.० प्रसिद्ध झाले तेव्हाही साध्या फॉर्मला ‘गेट’ पद्धत लावली की भरलेली प्रत्येक निवड आपोआप पत्त्यात उमटत असे. त्यासाठी कोणाला काही वेगळे करावे लागत नव्हते. म्हणजे तीस वर्षांपूर्वी एखाद्या नवशिक्याने बांधलेल्या शोधपानाची लिंक मित्राला पाठवली, तर मित्राला तेच निकाल दिसत.

मग आपण मागे कसे गेलो? पान दर निवडीला पुन्हा न उतरवता जागच्या जागी बदलण्याची सोय झाली, ती सर्वांना आवडली, आणि निवडी पत्त्यातून उठून स्मृतीत जाऊन बसल्या. ड्रॉपडाउनमध्ये ‘ओडिशा’ निवडा, सरकपट्टीवर २०१९ आणा, तापमानाऐवजी पाऊस घ्या. नकाशा सुरेख रंगतो, अ‍ॅड्रेस बार मात्र दगडासारखा स्थिर राहतो. पान ताजे केले की पुन्हा संपूर्ण भारत, पुन्हा आजची तारीख. मागे जाण्याचे बटण दाबले तर मागची निवड न मिळता संकेतस्थळाच्याच बाहेर पडावे लागते.

गेल्या वर्षी एका विद्यार्थिनीचा प्रकल्प तपासताना हे मला चांगलेच जाणवले. तिने एका राष्ट्रीय संस्थेच्या पोर्टलवरून चार जिल्ह्यांच्या पावसाचे आकडे घेतले होते आणि संदर्भसूचीत प्रामाणिकपणे पोर्टलचे नाव व पाहिल्याची तारीख दिली होती. एक आकडा मला खटकला. तो पडताळण्यासाठी मी पत्ता उघडला, आणि त्यानंतर मला राज्य, जिल्हा, हंगाम, वर्ष, मोजमाप, ‘सामान्य’चा आधार आणि नकाशाचा थर अशा सात निवडी कराव्या लागल्या. त्यांतील शेवटच्या दोन तिने काय केल्या होत्या हे तिला स्वतःलाच आठवत नव्हते. दोष तिचा होता का? पुस्तकाचा संदर्भ देताना पृष्ठक्रमांक लिहावा असे आपण तिला शिकवले; पण या पुस्तकाला पृष्ठक्रमांकच छापलेले नव्हते.

‘सामान्य’चा आधार ही निवड किरकोळ वाटेल, म्हणून तिच्यापाशी थोडे थांबतो. भारतीय हवामानशास्त्र विभाग मोसमी पावसाची तुलना दीर्घकालीन सरासरीशी करतो. १९६१ ते २०१० या काळावर आधारलेली देशाची ती सरासरी ८८०.६ मिलिमीटर होती. २०२२पासून १९७१ ते २०२० या काळावरची ८६८.६ मिलिमीटर वापरात आली. समजा, एखाद्या हंगामात देशभर ७८५ मिलिमीटर पाऊस झाला. जुन्या सरासरीच्या तो ८९.१ टक्के भरतो, नव्या सरासरीच्या ९०.४ टक्के. विभागाच्या वर्गवारीत ९० टक्क्यांखालचा हंगाम अपुऱ्या पावसाचा, आणि ९० ते ९५ टक्के म्हणजे सामान्यापेक्षा कमी पावसाचा. एक थेंबही इकडचा तिकडे न होता हंगामाचा वर्ग बदलला! सरासरी अशी ठरावीक काळाने बदलणे योग्यच आहे, जगभर ती बदलली जाते. परंतु मी पाहिलेल्या नकाशामागे कोणती सरासरी होती हे जर माझ्या लिंकमध्ये नसेल, तर तुम्ही आणि मी एकाच पानाकडे बोट दाखवून दोन परस्परविरुद्ध विधाने करू शकतो.

येथे प्रोग्रामरांच्या एका लाडक्या सवयीशी माझे वैर आहे. पत्ता छोटा आणि देखणा राहावा म्हणून मूळ मूल्ये, म्हणजे न निवडता मिळणारी मूल्ये, त्यात लिहायचीच नाहीत, अशी ही सवय. चालू वर्ष हे मूळ मूल्य असेल तर पत्त्यात वर्ष येत नाही. आज लिंक अचूक चालते. जानेवारी उजाडतो, मूळ मूल्य पुढे सरकते, आणि मागच्या वर्षीच्या लेखातली तीच लिंक आता वेगळा नकाशा दाखवू लागते. त्यात कोठेही ‘सापडले नाही’ असा संदेश नसतो. मोडलेली लिंक निदान मोडल्याचे सांगते. ही मात्र गुपचूप खोटे बोलते. १९९८मध्ये वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी चांगले पत्ते बदलत नसतात असे आग्रहाने लिहिले होते. पत्ता न बदलता त्याचा अर्थ बदलणे हा त्याहून अवघड रोग आहे, आणि तो आपण सौंदर्याच्या नावाखाली जोपासतो. वैज्ञानिक माहितीच्या पानावर तरी ज्या मूल्यांनी उत्तर बदलते ती सगळी पत्त्यात लिहिलीच पाहिजेत, मग पत्ता कितीही लांबो. ‘नवीनतम’ ही काही तारीख नव्हे.

हे करणे कठीण आहे का? मुळीच नाही, आणि म्हणूनच राग येतो. आजचे ब्राउझर स्वतःचे घटक बनवू देतात. नकाशा, आलेख, जिल्हानिवड हे प्रत्येकी एकेक वेब कंपोनंट असू शकतात. कंपोनंटला प्रॉपर्टी असतात : जिल्हा, वर्ष, मोजमाप. पाहणाऱ्याने निवड बदलली की कंपोनंटने एक इव्हेंट पाठवायचा. पानाने तो ऐकून ‘यूआरएलसर्चपॅराम्स’च्या मदतीने पत्त्यातले तेवढेच मूल्य बदलायचे आणि पान न हलवता नवा पत्ता नोंदवायचा. उलट दिशेने, पान उघडताना आणि मागे-पुढे जाण्याचे बटण दाबल्यावर पत्ता वाचून प्रॉपर्टी भरायच्या. यासाठी लागणारी इतिहासनोंदीची सोय एचटीएमएल ५चा भाग आहे, आणि ते मानक २०१४मध्ये शिफारस म्हणून मान्य झाले. यात नवे काहीच उरलेले नाही.

खाचखळगे आहेत, नाही असे नाही. प्रॉपर्टी बदलली म्हणून पत्ता बदलला, पत्ता बदलला म्हणून पुन्हा प्रॉपर्टी भरली, असे चक्र सुरू होऊ शकते. मूल्य खरोखर बदलले आहे का एवढे तपासून लिहिले की ते तुटते. ‘पुशस्टेट’ इतिहासात नवी नोंद करते, ‘रिप्लेसस्टेट’ असलेली नोंद पुसून तिच्या जागी लिहिते. जिल्हा बदलणे ही नवी नोंद, सरकपट्टी ओढताना येणारी मधली पन्नास वर्षे मात्र नव्हेत. नाहीतर मागे जाण्यासाठी वाचकाला पन्नास वेळा बटण दाबावे लागेल. ‘पुशस्टेट’ वापरल्याने ‘पॉपस्टेट’ हा इव्हेंट आपोआप घडत नाही, येथे नवशिके हमखास अडखळतात. पत्त्यातले सगळे मजकूर असते, त्यामुळे ‘फॉल्स’ हा शब्दही जावास्क्रिप्टच्या लेखी रिकामा नसलेला मजकूर, म्हणजे होकारच ठरतो. मूल्य वाचताना प्रकार तपासून रूपांतर करावे लागते.

एक खड्डा तर खास आपल्या वेळेसाठीच खणल्यासारखा आहे. भारतीय प्रमाणवेळेतील क्षण ‘२०२४-११-१८T१५:००+०५:३०’ असा लिहितात. क्वेरी वाचताना अधिकचिन्हाचा अर्थ ‘मोकळी जागा’ असा घेतला जातो. प्रोग्रामरने मजकूर हाताने जोडून पत्ता तयार केला असेल, तर वाचताना अधिकचिन्ह नाहीसे होते आणि तारीख एक तर अवैध ठरते किंवा साडेपाच तासांनी सरकते. दिल्लीच्या हवेचे दुपारी तीनचे मोजमाप रात्री साडेआठच्या नावावर जमा झाले तर त्यावर केवढी चर्चासत्रे होतील! ‘यूआरएलसर्चपॅराम्स’ कडून पत्ता लिहून घेतला तर ते चिन्ह योग्य रीतीने सांकेतिक केले जाते आणि प्रश्न उद्भवतच नाही.

पत्त्यात लिहायचे कोणी, यावर मात्र प्रामाणिक मतभेद आहेत. काहींच्या मते प्रत्येक कंपोनंटने आपले पॅरामीटर स्वतः सांभाळावे. मला ते पटत नाही. शॅडो डॉमची भिंत प्रत्येक कंपोनंटच्या आतील रचना वेगळी राखते, पण अ‍ॅड्रेस बार पानाला एकच असतो. ती सामाईक विहीर आहे. दोन आलेख शेजारी मांडले आणि दोघांनीही ‘वर्ष’ या नावाने लिहिले, तर शेवटी लिहिणारा जिंकतो. कंपोनंटने फक्त सांगावे, लेखणी पानाच्या हाती असावी.

आता आक्षेपांकडे वळतो.

स्क्रीनशॉट पुरेसा आहे, असे पहिले म्हणणे. त्याचे उत्तर वर दिल्लीच्या हवेने दिलेच आहे. शिवाय चित्रातला आकडा बदलायला शाळकरी मुलालाही दोन मिनिटे लागतात, आणि पडद्यावाचकाच्या साहाय्याने वाचणाऱ्या अंध विद्यार्थ्याला त्या चित्रातून काहीच मिळत नाही.

दुसरे म्हणणे अधिक वजनदार वाटते : मूळ आकडेवारी उतरवून घेता येते, मग दृश्याची लिंक कशाला? २०१२चे राष्ट्रीय माहिती सामायिकीकरण व सुलभता धोरण आणि त्याच वर्षी उभे राहिलेले सरकारी खुल्या माहितीचे पोर्टल यांचे मोल मला मान्य आहे. परंतु उतरवलेल्या हजारो ओळींच्या फाइलमधून ज्या दोन ओळींवर वाद चालला आहे त्या दाखवायच्या कशा? आपला विद्यार्थी बहुधा मोबाइलवर वाचतो. त्याला शंका आली त्या क्षणी एका स्पर्शात पडताळा घेता आला तरच तो घेईल. ‘फाइल उतरवा, उघडा, चाळणी लावा’ असे सांगितले तर तो शेजारच्या स्क्रीनशॉटवर विश्वास ठेवील, आणि त्याला दोष देणारा मी तरी नसेन.

तिसरा आक्षेप सुरक्षेचा. यात तथ्य आहे आणि त्याचा गैरवापरही आहे. पत्ता सर्व्हरच्या नोंदींत राहतो, ब्राउझरच्या इतिहासात राहतो, दुसऱ्यांना पाठवला जातो. म्हणून रुग्णाचे नाव, आधार क्रमांक, भ्रमणध्वनी, प्रवेशाची खूण यांपैकी काहीही पत्त्यात येता कामा नये. त्याबाबत मी कोणाहीपेक्षा कर्मठ आहे. पत्त्यातून आलेला मजकूर पानावर जसाच्या तसा ओतू नये, मान्य मूल्यांच्या यादीशी ताडून मगच वापरावा, हेही खरे. पण जिल्हा, महिना आणि पावसाचे मोजमाप यांत कोणाचे गुपित आहे? उलट, याच कारणाखाली निवडी लपवणारी काही पाने प्रश्नचिन्हानंतर सत्राचा लांबलचक क्रमांक मात्र खुशाल लिहितात. जे लपवायला हवे ते उघडे आणि जे उघडे हवे ते लपलेले. अशी लिंक दिसायला भरगच्च असते आणि अर्ध्या तासात मरते.

हे होऊ शकते याचे पुरावे दूर नाहीत. नासाच्या वर्ल्डव्ह्यू या उपग्रहचित्रांच्या संकेतस्थळावर नकाशाची चौकट, निवडलेले थर आणि दिनांक तिन्ही पत्त्यात असतात. २० मे २०२० रोजी अम्फान चक्रीवादळ सुंदरबनाजवळ जमिनीवर आले. त्या दिवसाची, त्या किनाऱ्याची लिंक मी आज तुम्हाला दिली तर तुम्हाला तेच ढग दिसतील. ओपनस्ट्रीटमॅप ‘#’ नंतर नकाशाची पातळी आणि अक्षांश-रेखांश लिहितो. विकिपीडिया तर लेखाच्या प्रत्येक जुन्या आवृत्तीला कायमचा क्रमांक देतो. आपल्याकडेही स्वयंसेवकांनी उभारलेल्या कोविड१९इंडिया या संकेतस्थळावर प्रत्येक राज्याच्या पानाला स्वतंत्र पत्ता होता. ऑक्टोबर २०२१च्या अखेरीस ते थांबले, पण तोवर देशभरच्या पत्रकारांनी आणि विद्यार्थ्यांनी त्याचेच संदर्भ दिले. सरकारी अनुदानाविना चालणाऱ्या चमूला जे सुचले ते कोट्यवधींच्या निविदेत सुचू नये, याला तांत्रिक अडचण म्हणता येणार नाही.

हे काम भारतात करताना विचार करावा असा एक प्रश्न मात्र खरोखर आहे. पत्त्यात ठिकाणाचे नाव लिहायचे की संकेतांक? देवनागरीत ‘ओडिशा’ लिहिले तर त्यातले प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८मध्ये तीन बाइटांचे होते, प्रत्येक बाइट टक्केचिन्हासह तीन अक्षरांत लिहावा लागतो, आणि पाच चिन्हांचा हा शब्द पंचेचाळीस अक्षरांचा होऊन बसतो. रोमन लिपीत लिहावे, तर २०११पूर्वीच्या पत्त्यात जुने स्पेलिंग असणार. अलाहाबाद २०१८मध्ये प्रयागराज झाले. २०११च्या जनगणनेत ६४० जिल्हे होते, त्यानंतर अनेक जिल्ह्यांचे विभाजन झाले, आणि २ जून २०१४ रोजी तेलंगण वेगळे झाले. नाव बदलले तरी लिंक जगावी म्हणून पत्त्यात संकेतांक हवा. सीमाच बदलली तर संकेतांकही अपुरा, म्हणून कोणत्या वर्षीचा नकाशा हेही हवे. यावर खरी चर्चा व्हायला हवी होती. पण पत्ताच नाही, तर पत्ता कसा असावा यावर बोलणार कोण?

आणि एवढे करूनही काम पुरे होत नाही हे मला ठाऊक आहे. निवडी त्याच राहिल्या तरी मागची आकडेवारी सुधारली जाते. प्राथमिक आकडा नंतर अंतिम होतो. म्हणून माहितीची आवृत्ती हादेखील एक पॅरामीटर असला पाहिजे, आणि जुनी आवृत्ती उपलब्ध नसेल तर पानाने तसे स्पष्ट सांगितले पाहिजे. ते पुढचे पाऊल. आपण अजून पहिलेच टाकलेले नाही.

ही पोर्टले जनतेच्या पैशांतून उभी राहतात. २००५च्या माहिती अधिकार कायद्याचे चौथे कलम सार्वजनिक प्राधिकरणांना माहिती आपण होऊन, इंटरनेटसह विविध माध्यमांतून लोकांपर्यंत पोहोचवण्याची जबाबदारी देते. लोकांनी ती एकमेकांना दाखवूच नये अशा रीतीने ती पोहोचवणे कायद्याच्या अक्षराला धरून असेलही, त्याच्या हेतूला धरून नाही. मी चाळलेल्या काही निविदांत मुखपृष्ठावरील फिरत्या चित्रांची संख्या होती, बोधचिन्हाची जागा होती, मोबाइलवर पान कसे दिसावे हेही होते. ‘पाहणाऱ्याच्या प्रत्येक निवडीला स्वतंत्र, टिकाऊ पत्ता असावा’ हे एक वाक्य मात्र एकाही निविदेत सापडले नाही. कंत्राटदाराने न मागितलेले दिले नाही, यात नवल काय? ते वाक्य लिहून घेणे हे संस्थांतील वैज्ञानिकांचे काम होते. शोधनिबंधात संदर्भाचे एक स्वल्पविराम चुकले तर विद्यार्थ्याला परत पाठवणारी हीच मंडळी आहेत.

विद्यार्थ्यांना एक काम सुचवतो. तुम्ही नेहमी वापरता त्या कोणत्याही राष्ट्रीय वैज्ञानिक डॅशबोर्डवर जा, तीन निवडी बदला, पत्ता कॉपी करून दुसऱ्याच्या मोबाइलवर उघडा. तेच दृश्य दिसले तर त्या संस्थेचे नाव येथे प्रतिक्रियांत जरूर लिहा. कौतुकालाही पत्ता हवा. दिसले नाही, तर त्याच पोर्टलच्या अभिप्रायाच्या रकान्यात जिल्हा, वर्ष आणि मोजमाप देऊन लिहा : ‘मी हे दृश्य पाहिले, मला त्याचा संदर्भ द्यायचा आहे, तो कसा देऊ?’ उत्तर आले तर तेही येथे टाका, आणि शक्य झाल्यास स्क्रीनशॉटऐवजी लिंक द्या.